उसन्या जोडण्या

माझ्या बायकोने लिहिलेला एक प्रोग्राम उत्तनजवळच्या पालीत मासे विकायचा. म्हणजे विकायच्या तिथल्या बायकाच. प्रोग्राम फक्त आज कुणाकडे काय आहे ते मिरा रोडच्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर दाखवायचा आणि ऑर्डर टिपून घ्यायचा. त्यातला दिसणारा भाग, माशांचे फोटो, बटणं, हे सगळं पालीच्याच एका मुलीने केलं होतं. बायकोचं काम सगळ्यात खाली होतं, कुणाला न दिसणारं. प्रोग्राम लिहिणारे लोक अशा कामाला लायब्ररी म्हणतात. एकाने नीट लिहून ठेवायचं आणि बाकीच्यांनी ते आपापल्या प्रोग्राममध्ये जसंच्या तसं वापरायचं.

तिच्या लायब्ररीचं काम काय होतं ते इथेच सांगून टाकतो. मासे, गिऱ्हाइकं, ऑर्डरी यांची माहिती एका डेटाबेसमध्ये असते. त्याच्याशी बोलायचं तर आधी जोडणी करावी लागते. तू कोण, पासवर्ड काय, कुठल्या खोलीत जायचंय, अशी सगळी चौकशी होते. दर प्रश्नाला नव्याने हे करत बसलं तर गिऱ्हाईक कंटाळून चिकन आणायला जाईल. म्हणून लायब्ररी सुरुवातीलाच दहा जोडण्या करून तयार ठेवते. ज्याला काही विचारायचं असेल त्याने एक उसनी घ्यायची, काम झालं की परत द्यायची, मग तीच पुढच्याने घ्यायची. दहा जोडण्यांवर शेकडो माणसांचं काम आरामात चालतं, परत देणं चुकलं नाही तर.

या दोन कामांना तिने नावं दिली होती 'उसनी' आणि 'परत'. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी. ऑफिसात यावरून तिची टिंगल व्हायची. ती म्हणायची, "लिहिणार मी, चुकलं की चिडणार मी, मग नावं दुसऱ्याच्या भाषेत कशाला?"

मीही याच धंद्यातला. पण आमच्या दोघांत एक फरक होता. ती लिहायची आणि मी वाचायचो. लोकांनी पूर्वी लिहून ठेवलेले प्रोग्राम वाचायचे आणि कुठे काय बिघडलंय ते शोधायचं, यावरच माझी आजवरची नोकरी झाली. मला घाईने काही जमत नाही. ती जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून धडाधड टाइप करायची आणि दुसऱ्या टोकाला मी एकच पान तासभर बघत बसायचो. "झोपलास का?" असं ती मधूनमधून विचारायची.

तिला जाऊन वर्ष होऊन गेलं. तिची पुस्तकं आहेत, साड्या आहेत, चष्मा आहे. पण त्या वस्तू नुसत्या आहेत. लायब्ररीचं तसं नव्हतं, ती चालू होती. रोज सकाळी पूनम सागरमधलं, शांतीनगरमधलं कुणीतरी पापलेट मागायचं आणि तिच्या ओळी कामाला लागायच्या. मी टेबलापाशी चहा पीत असलो की हे आठवून मला बरं वाटायचं. दुःख कमी व्हायचं असं नाही. पण त्याला शेजारी कुणीतरी असल्यासारखं वाटायचं.

पालीची मुलगी बायकोच्या हाताखाली नोकरीला होती. मग तिने नोकरी सोडली आणि आईसाठी, गल्लीतल्या बाकीच्या बायकांसाठी हे माशांचं काम सुरू केलं. तेव्हा बायकोनेच तिला लायब्ररी दिली होती. मासेमारीची बंदी उठून बोटी पुन्हा जायला लागल्या, त्यानंतर काही आठवड्यांनी एका बुधवारी ती स्कूटरवरून आमच्या घरी आली.

"अंकल, रागावू नका हं," चपला काढतानाच ती म्हणाली.

"अजून तू काही बोललीच नाहीस."

"म्हणून तर आधी सांगतेय."

पाणी पिऊन तिने सांगितलं. या मोसमात तिने प्रोग्राममध्ये एक नवी सोय केली होती. आधी नुसती त्या दिवशीच्या माशांची यादी दिसायची, आता वर शोधायची पट्टी आली होती. माशाचं नाव टाका, कुणाकडे आहे ते कळेल. लोक खूश होते. पण तेव्हापासून मधूनच सगळं ठप्प व्हायचं. गोल फिरत राहायचं, ऑर्डर जायची नाही. बंद करून चालू केलं की परत ठीक. गेल्या रविवारी तर ऐन दहाच्या सुमाराला अडकलं. बायकांचे मासे टोपलीत आणि गिऱ्हाइकं फोनवर शिव्या घालतायत.

"आई काय म्हणाली सांगू? म्हणाली, तुज्या यंत्रापरीस माजी टोपली बरी, ती कवा बंद न्हाय पडत."

"मग?"

"मग असंय, की मॅडमची लायब्ररी जोडण्या देतच नाहीये. दहाच्या दहा कुठे जातात कळत नाही. मी सगळं बघितलं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "ह्या रविवारी परत अडकलं ना, तर मी ती काढणार आणि दुसरी लावणार. सगळे वापरतात ती. चांगली आहे, फुकट आहे. बायका सोडून जायला लागल्यात, अंकल."

"बरोबर आहे," मी म्हणालो. आणि ते बरोबरच होतं.

"असं लगेच बरोबर नका ना म्हणू. थोडं भांडा तरी."

"आमच्या घरात भांडायचं खातं तिच्याकडे होतं."

ती हसली, मग तिचे डोळे भरले, मग परत हसली. "रविवारपर्यंत बघा," असं म्हणून ती गेली.

ती लायब्ररी आणखी कुठे वापरात नव्हती. बायकोच्या ऑफिसने कधीच बदलली होती. पालीतून काढली की संपलं. फाईल माझ्याकडे राहिली असती, चष्म्यासारखी, पण तिच्यातली एकही ओळ कुठे चालली नसती. रविवारपर्यंत माझ्या हातात एवढंच होतं की बिघाड शोधायचा.

गुरुवारी मी रजा टाकली आणि तिची फाईल उघडली. खरं सांगायचं तर भीती वाटत होती, म्हणून मी ती वर्षभर उघडली नव्हती. पण वाचायला लागलो आणि दहाव्या-बाराव्या ओळीला मला हसू आलं. ती जशी बोलायची तशीच लिहायची. आखूड वाक्यं. एकदा सांगितलेलं परत सांगायचं नाही. एखादी जोडणी खराब निघाली तर ती टाकून नवी करायची, आणि त्या कामाचं नाव तिने ठेवलं होतं 'जाऊदे'. वाट बघत असलेल्याला किती वेळ थांबवायचं, त्या आकड्याचं नाव होतं 'धीर'. धीर संपला की लायब्ररी चक्क 'आता नाही जमत' असा संदेश देऊन मोकळी व्हायची. मी ते वाचून एकटाच मोठ्याने हसलो, आणि आपण घरात मोठ्याने हसलो हे कळल्यावर थोडा दचकलो.

पण चूक सापडेना. मी प्रत्येक ओळ वाचली, परत वाचली. उसनी दिली जाते, काम होतं, उत्तराच्या ओळी येतात, शेवटची ओळ दिली की जोडणी परत होते. सगळं जिथल्या तिथे होतं. नेटवर्कचा दोष असेल म्हणून ते बघितलं, सर्व्हरचा असेल म्हणून तो बघितला. दुसऱ्यांचे प्रोग्राम वाचण्यात जन्म गेला आणि बायकोचा वाचताना चूक दिसत नाही. तिला कळलं असतं तर तिने हे चार जणांत सांगितलं असतं.

शुक्रवारी मी लॅपटॉप घेऊन पालीला गेलो. घरी बसून बघण्यापेक्षा जिथे अडकतंय तिथे बसून बघावं म्हटलं. बस स्टॉपवरून गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली की एकाने भिंतीला चिकटायचं. मुलीचं घर गल्लीच्या टोकाला आहे. ओट्यावर तिची आई मांदेली साफ करत बसली होती आणि दुसऱ्या टोकाला वडील जाळं विणत होते.

"हे काय ते डॉक्टर?" आईने मुलीला विचारलं.

"डॉक्टर नाही गं आई. मॅडमचे मिस्टर."

आईने हात पुसले. माझ्याकडे नीट बघितलं. "बाई लय चांगली व्हती तुमची. भाव करायची, पन हसून करायची. तुमी करता भाव?"

"मला येत नाही."

"मंग तुमी रोज या."

वडील जाळ्यात बघून हसले. मुलीने खुर्ची दिली, मी लॅपटॉप मांडीवर घेतला. मी एक छोटी खिडकी तयार करून आणली होती. किती जोडण्या मोकळ्या आहेत तो आकडा तिच्यात सतत दिसत राहायचा. त्या वेळी आकडा होता दहा.

"रविवारी गर्दी होते ना अंकल, म्हणून अडकत असेल," मुलगी म्हणाली. "एकदम सगळे येतात."

"गर्दीनं न्हाय," आई म्हणाली. "तुजा यंत्र मानी हाय. म्हावरं भरून आलं का धावतंय. ज्या दिवशी दर्यात काय न्हाय त्या दिवशी रुसून बसतंय. तुज्या बापासारका."

"आई!"

"काय आई? इचार त्याला."

वडिलांनी मान वर केली नाही. "माजा नाव कशाला काढतंस?" एवढंच म्हणाले.

मुलीला वाटलं आई नेहमीसारखी चेष्टा करतेय. मलाही आधी तसंच वाटलं. पण मग मुलीने मागच्या दोन-तीन रविवारच्या ऑर्डरी काढून बघितल्या. ज्या रविवारी बोटी भरून आल्या होत्या त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी होती, आणि प्रोग्राम दुपारपर्यंत सुरळीत चालला होता. अडकला होता तो मासे कमी असलेल्या दिवशी. म्हणजे गर्दीचा दोष नव्हता.

"पट्टीत पापलेट टाक," मी म्हणालो.

तिने टाकलं. आकडा नऊ झाला, लगेच दहा. सुरमई टाकली. नऊ, दहा. मांदेली, बोंबील, कोलंबी. प्रत्येक वेळी एक जोडणी जायची आणि परत यायची. आई सुरी थांबवून बघायला लागली होती.

"आता जे आज नाहीच असं काहीतरी टाक."

"घोळ नाही आज कुणाकडे." तिने घोळ माशाचं नाव टाकलं. पडद्यावर आलं, 'आज नाही'. आकडा नऊ झाला आणि नऊच राहिला.

तिने परत घोळ टाकलं. आठ. रावस. सात. शेवंड. सहा. असं करत आकडा शून्यावर गेला, आणि मग पापलेट टाकलं तर गोल फिरायला लागलं. थोड्या वेळाने बायकोचा संदेश आला, 'आता नाही जमत'.

"आयला," मुलगी म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मग सगळंच उलगडलं. बोटी भरून आल्या की यादीच इतकी मोठी असायची की पट्टीत शोधायला कुणी जायचं नाही. एखाद-दोन जोडण्या हरवत असतील, पण मुलगी रोज पहाटे प्रोग्राम बंद करून चालू करायची, त्यात त्या भरून निघायच्या. मासे कमी असले की मात्र सगळं मिरा रोड पट्टीत पापलेट आणि रावस शोधायला लागायचं, आणि प्रत्येक 'आज नाही' मागे एक जोडणी जायची. पट्टी नव्हती, नुसती यादी होती तोवर काहीतरी मिळायचंच, म्हणून आधी हे कधी दिसलं नव्हतं.

मी फाईल उघडली. आता कुठे बघायचं ते माहीत होतं. ती ओळ मी गुरुवारी कितीतरी वेळा वाचली होती. उत्तरात काहीच आलं नाही तर इथूनच माघारी जा, असं तिथे लिहिलं होतं. त्या ओळीच्या खाली होतं ते 'परत'. म्हणजे काही मिळालं तर ते देऊन जोडणी परत करायची. काहीच मिळालं नाही तर 'परत' पर्यंत पोचायचंच नाही.

"काय सापडलं?" आईने विचारलं.

मी तिला सोप्या शब्दांत सांगितलं. "असं समजा, एकाला शेजारचं भांडं उसनं घेऊन काहीतरी आणायला पाठवलंय. काही मिळालं तर ते घेऊन येतो आणि भांडं परत करतो. पण काही मिळालं नाही तर भांडं परत करायला जातच नाही. घरी ठेवून घेतो."

आईला यात काही वावगं दिसेना. "मंग?" ती म्हणाली. "शेजारनीचा टोप रिकामा कोन देतंय? लाज न्हाय वाटत?"

मी तिच्याकडे बघत राहिलो आणि मग मला हसू फुटलं. साधं हसू नाही. मांडीवरचा लॅपटॉप हलायला लागला, मुलीने तो उचलून घेतला, मी डोळे पुसत हसत राहिलो. वडीलही जाळं बाजूला ठेवून बघायला लागले. मुलीला वाटलं मी रडतोय. तिने पाणी आणलं.

"अंकल, काय झालं?"

झालं होतं ते असं, की माझी बायको भांड्यांच्या बाबतीत भयंकर होती. आमच्या शेजारी एक गुजराती कुटुंब आहे. त्या बेन काही ना काही पाठवायच्या, आणि आमच्याकडून तो डबा कधी रिकामा गेला नाही. शंकरपाळे, चिवडा, निदान दाण्याची चटणी तरी. एकदा ऑफिसात काम फार होतं, घरात काही केलेलं नव्हतं, आणि बेनचा एक छोटा डबा आमच्याकडे राहिला. राहिला म्हणजे किती, तर एक दिवस बेन स्वतःच दारात आल्या. लाजत म्हणाल्या, "भाभी, वो मेरा छोटावाला डब्बा..." त्यावर ही आतून ओरडली, "अभी नहीं! अभी खाली है!" आणि बेन माफी मागून परत गेल्या. स्वतःचाच डबा मागितल्याबद्दल. मी सोफ्यावर बसून हे बघत होतो.

ही गोष्ट मी ओट्यावर सांगितली तेव्हा मुलीची आई अजिबात हसली नाही. "बराबर केलं बाईनं," म्हणाली. मुलगी मात्र खांबाला टेकून हसत होती. "मॅडमची लायब्ररी सभ्य आहे," ती म्हणाली. "रिकाम्या हाताने परत येत नाही. दहा डबे घरात ठेवून बसलीये."

आणि मी गुरुवारी दिवसभर ती ओळ वाचूनही तिच्यात चूक दिसली नव्हती, याचंही कारण मला तिथेच कळलं. मलाही ते बरोबरच वाटत होतं. मीही त्याच रीतीत वाढलोय. काही मिळालं नाही, मग काय तोंड घेऊन जायचं?

शनिवारी सकाळी मी टेबलापाशी बसलो. बायकोचा एक कडक नियम होता, तिच्या फाईलला मी हात लावायचा नाही. वाच, चुका काढ, पण हात लावू नकोस. सगळ्या संसारात मी तो पाळला होता. आज मी फाईल उघडली. मग 'परत' ही ओळ तिच्या जागेवरून उचलली आणि अशा ठिकाणी ठेवली, की उत्तर येवो न येवो, काम सरळ होवो की मधे मोडो, बाहेर पडताना तिच्यावरून जावंच लागेल. एवढाच बदल. एक ओळ हलवायला मला अर्धा तास लागला, आणि त्यातला बराच वेळ तिच्याशी मनातल्या मनात वाद घालण्यात गेला. तिचं म्हणणं होतं आधी विचारायचं होतंस. मी म्हटलं, कुणाला?

मग बदललेली फाईल मी पालीच्या प्रोग्राममध्ये चढवली आणि घरबसल्या शोधपट्टीत घोळ टाकायला सुरुवात केली. नऊ, दहा. घोळ. नऊ, दहा. घोळ, घोळ, घोळ. इतका आनंद मला पापलेट मिळाल्यावरसुद्धा कधी झाला नव्हता. जवळजवळ दुपार झाली तेव्हा मुलीचा फोन आला.

"अंकल, सकाळपासून घोळ कोण शोधतंय, तुम्हीच ना?"

"मीच."

"आई म्हणतेय, त्या मानसाला येवडी घोळ आवडते तर सांगायचा. मिळाली का ठेवीन."

"चालू झालं," मी म्हणालो. "जोडण्या परत येतायत."

ती म्हणाली, "उद्या बघू. उद्या चाललं तरच खरं."

तिचं बरोबर होतं. घरी बसून एकट्याने घोळ मागणं वेगळं आणि रविवारी सगळं मिरा रोड मागायला येणं वेगळं.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो, आणि फ्रिजच्या वर माझी नजर गेली. तिथे डबे होते. बायको गेली तेव्हा शेजारच्यांनी कितीतरी दिवस जेवण पाठवलं होतं. बेनचे डबे, खालच्या मजल्यावरच्या परभणीच्या कुटुंबाचे, ज्यांच्या हातची बाजरीची भाकरी मी त्या दिवसांत खाल्ली, कुणाचे तरी झाकणावर नाव कोरलेले. मी ते घासून, पुसून वर रचून ठेवले होते. परत दिले नव्हते, कारण भरून काय देणार? मला वरण-भात येतो. वरण-भात डब्यात घालून कुणाच्या दारात जायचं? चिमूटभर साखर घालून द्यायचीही रीत आहे, पण इतक्या डब्यांत साखर घालून जिना चढत-उतरत फिरायचं म्हणजे लोकांना वाटलं असतं घरात बारसं आहे.

मी स्टूल घेतलं आणि सगळे खाली काढले. बेनची बेल वाजवली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत मिळून त्यांचे सहा डबे होते.

बेनने दार उघडलं, सगळ्यात वरच्या डब्याचं झाकण सवयीने उचललं. "अरे, ये तो खाली है."

"हां बेन. सब खाली है."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग चेहरा असा खुलला की बस. "भाईसाब, ये लंबावाला मैं कब से ढूंढ रही थी! बेटे का टिफिन इसी में आता है. दूसरे में उसकी रोटी मुड़ जाती है, रोज मुझे सुनाता है."

"तो मांगा क्यों नहीं?"

"आपके घर से मैं कैसे मांगती?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "और भाभी ने एक बार भगा दिया था ना."

आम्ही दोघं दारात उभे राहून हसलो. मी खालच्या मजल्यावर जाऊन, बाकीचे डबे देऊन वर येईपर्यंत बेन त्याच लंब्या डब्यात गरम थेपले घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या. "कल सुबह वापस," म्हणाल्या. "और हां, खाली."

रविवारी सकाळी मी पालीत पोचलो तेव्हा मुलगी ओट्यावर उभी होती आणि तिचा चेहरा बघूनच कळलं. बोटी जवळजवळ रिकाम्या आल्या होत्या. थोडी मांदेली, थोडे बोंबील, बाकी काही नाही. पापलेट नाही, सुरमई नाही, कोलंबीसुद्धा नाही. अडकायला याहून चांगला दिवस मिळाला नसता.

"आजच बरं," मी म्हणालो.

"तुमी काय बोलता ते तुमाला तरी पटतं का?" आई म्हणाली आणि टोपली घेऊन बसली. गल्लीतल्या आणखी तिघी-चौघी आपापल्या टोपल्या घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे आणि लॅपटॉपकडे बघितलं. त्यातली एक हळूच म्हणाली, "आज पन बंद पडला तर मी बाजारात जाऊन बसते. आताच सांगते." मुलीने ऐकलं आणि मोबाइल उघडला.

नऊनंतर गिऱ्हाइकं यायला लागली. यादीत दोनच नावं बघून सगळे शोधपट्टीत शिरले. कोण काय मागतंय ते मुलीच्या मोबाइलवर दिसत होतं आणि ती मोठ्याने वाचत होती. पापलेट, आज नाही. पापलेट, आज नाही. सुरमई, रावस, परत पापलेट. कुणीतरी चक्क 'खेकडा मोठा' असं लिहिलं. माझ्या खिडकीतला आकडा नाचत होता. आठ, दहा, सात, नऊ, पाच.

पाचवर तो थोडा थांबला. मुलीने माझा दंड धरला. मग सहा, आठ, दहा.

"आला," ती म्हणाली. "अंकल, सगळ्या परत आल्या."

दहा वाजले. मागच्या रविवारी याच सुमाराला अडकलं होतं. साडेदहा झाले. पापलेट नाही म्हटल्यावर लोक यादीकडे वळायला लागले होते आणि मांदेलीच्या ऑर्डरी यायला सुरुवात झाली होती. बाजारात जाऊन बसायचं म्हणणाऱ्या बाईचे बोंबील सगळ्यांच्या आधी संपले. ती रिकामी टोपली कमरेवर घेऊन माझ्याजवळ आली, पडद्यावरच्या आकड्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, "हा चढतंय-उतरतंय तवर चांगला ना?"

"हो. चढत-उतरत राहिला पाहिजे."

"मंग राहू दे."

अकराच्या पुढे शेवटची मांदेली गेली. मुलगी ओट्याच्या पायरीवर बसली, मोबाइल उलटा ठेवला आणि डोळे मिटून भिंतीला टेकली. मी वाट बघत होतो. मला विचारायचं धाडस होत नव्हतं.

"मॅडमचीच राहणार," ती डोळे न उघडता म्हणाली. "दुसरी नको मला. दुसरीत 'जाऊदे' नाही." मग एक डोळा उघडून, "पण फाईलच्या वर तुमचं पण नाव टाका. खाली बिघडलं की मी कुणाला फोन करू?"

"एक ओळ हलवली म्हणून नाव?"

"मग आणखी हलवा. पुढच्या महिन्यात गोराई आणि उत्तनच्या बायका पण येतायत. दहा पुरणार नाहीत. पंधरा करायच्या का वीस, ते बघा तुम्ही. मला मॅडमच्या फाईलला हात लावायची भीती वाटते."

"मलाही वाटते."

"मग दोघं मिळून लावू."

मी हो म्हणालो. असं लगेच हो म्हणायची मला सवय नाही, पण म्हणालो.

आतून तळणाचा वास यायला लागला होता. आईने दारातून हाक मारली, "ओ मिस्टर, तुमचा यंत्र आता थांबतंय का?"

"नाही."

"मंग तुमी कशाला बसलाव? या जेवाया. तुमचेसाठी चार बोंबील लपवून ठेवलेत मी, त्या बाईला सांगू नका."

"आलोच," मी म्हणालो, पण उठलो नाही. मिरा रोडला कुणाचा तरी रविवार उशिरा सुरू झाला होता. त्याने रावस मागितला. आकडा नऊ झाला, 'आज नाही' गेलं आणि आकडा दहा झाला. मग त्याने पापलेट मागितलं. मी आणखी थोडा वेळ बघत राहिलो.